इंजिन बंद पडलं, आता काय?



मागच्या भागात आपण छोटं विमान हवेत कसं चढतं ते पाहिलं. त्यावर बऱ्याच प्रतिक्रिया आल्या. त्यांतली एक साताऱ्याकडच्या एका ताईंची. त्यांच्या मुलीला वैमानिक व्हायचंय, प्रवेशाचा फॉर्म आणून ठेवलाय, आणि घरात वाद चाललाय. ताईंनी सरळच विचारलं, "सर, एकच इंजिन असतं ना त्या विमानाला? मग ते हवेत बंद पडलं तर माझ्या पोरीनं करायचं काय?"

प्रश्न रास्त आहे. त्यांनी बातम्या वाचल्यात. २५ जुलै २०२२ ला बारामतीहून एकटी उडालेली एक प्रशिक्षणार्थी मुलगी सेसना १५२ विमानासह इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळली. विमान मोडलं, ती जखमी झाली, पण वाचली. ३० मे २०२३ ला बेळगावच्या सांबरा विमानतळाजवळ होन्निहाळच्या शिवारात एक प्रशिक्षण विमान तातडीनं उतरवावं लागलं. त्यातले दोघेही वाचले. त्याच वर्षी ऑक्टोबरात बारामती परिसरात चार दिवसांच्या अंतरात दोन अपघात झाले. अशा बातम्या वाचल्यावर आईबापांच्या पोटात गोळा येणारच.

मी मूळचा तोफखान्यातला. पुढे आर्मी एव्हिएशनमध्ये गेलो, आणि निवृत्तीनंतर बेंगळुरूत स्थायिक झालो. आमच्या आधीच्या पिढीतले तोफखान्याचे वैमानिक 'कृषक' नावाचं एका इंजिनाचं विमान उडवायचे. ते इथंच, बेंगळुरूच्या हिंदुस्तान एरोनॉटिक्समध्ये बनलं होतं. त्याचा धाकटा भाऊ 'पुष्पक', नव्वद अश्वशक्तीचा. देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत कित्येक वैमानिक त्याच्यावर शिकले. ही सगळी माणसं एकाच इंजिनावर उडली आणि बहुतेक सगळी म्हातारी होऊन घरी गेली. का, ते आज समजून घेऊ.

विमान दगडासारखं पडत नाही

पहिला गैरसमज इथंच दूर करू. इंजिन बंद पडलं म्हणजे विमान धाडकन खाली येत नाही. विमानाला वर धरतात ते पंख, इंजिन नव्हे. पंखांवरून पुरेशा वेगानं हवा वाहत राहिली की ते वजन पेलतात. इंजिनाचं काम तो वेग देणं. इंजिन गेलं की वेग दुसरीकडून आणायचा. कुठून? उंचीतून. घाटात गाडीचं इंजिन बंद झालं तरी उतारावर गाडी चालत राहते. तसंच हे. विमान नाक किंचित खाली करून हवेच्या उतारावरून घसरत येतं. याला ग्लाइड म्हणतात.

फ्लाइंग स्कूलमध्ये सर्रास दिसणारं सेसना १७२ घ्या. इंजिन बंद असताना ते साधारण १ फूट खाली येता येता ९ फूट पुढे जातं. म्हणजे जमिनीपासून ३,००० फुटांवर इंजिन गेलं, तर वारा नसताना सुमारे ८ किलोमीटर अंतर हातात असतं. वेळ किती? ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगानं जवळजवळ चार मिनिटं. चार मिनिटांत चहा उकळतो. शिकलेल्या माणसाला जागा शोधून उतरायला तेवढा वेळ पुरतो.

मात्र हे अंतर फुकट मिळत नाही. प्रत्येक विमानाचा ग्लाइडचा एक सर्वोत्तम वेग असतो, सेसना १७२ चा साधारण ६५ ते ६८ नॉट. त्याच्यापेक्षा हळू गेलात तरी अंतर कमी, जोरात गेलात तरी कमी. घाबरलेल्या माणसाचा हात आपोआप दांडा मागे ओढतो, कारण जमीन जवळ येताना नाक वर करावंसं वाटतं. ही ओढ जीवघेणी आहे. नाक वर गेलं की वेग पडतो. वेग फार पडला की पंखांवरची हवा सुटते, आणि मग विमान खरोखरच दगडासारखं पडतं. यालाच स्टॉल म्हणतात. म्हणून एक वाक्य लक्षात ठेवा: इंजिन बंद पडल्यानं विमान पडत नाही, वेग सोडल्यानं पडतं.

बेंगळुरूची ३,००० फुटांची गोम

आता आमच्या गावची एक गोष्ट. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ३,००० फुटांवर आहे. विमानातलं उंचीचं घड्याळ सहसा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतं. म्हणजे जक्कूरच्या धावपट्टीवर विमान उभं असतानाच काटा ३,००० च्या आसपास असतो. हवेत गेल्यावर काट्यानं ५,००० दाखवले तर वाटतं, वा, भरपूर उंची आहे! पण पायाखाली जमीन फक्त २,००० फुटांवर असते. चार मिनिटं नव्हे, अडीच मिनिटं. मुंबईच्या किनाऱ्यावर उडणाऱ्याला हा हिशेब करावा लागत नाही. दख्खनच्या पठारावर उडणाऱ्याला, मग तो पुण्यात असो, बेळगावात असो की इथं, रोज करावा लागतो.

दुसरी गोम हवेची. उंचावर हवा विरळ, आणि उन्हाळ्यात आणखी विरळ. एप्रिलच्या दुपारी ३३ अंश तापमान असेल तर जक्कूरवर विमानाला वाटतं की आपण जवळजवळ ६,००० फुटांवर आहोत. इंजिन कमी ताकद देतं, धावपट्टी जास्त खातं, चढतं हळू. शिवाय घड्याळात तोच वेग दिसत असला तरी जमिनीवरचा खरा वेग जास्त असतो. म्हणजे शेतात उतरायची वेळ आली तर धडकही जास्त वेगाची.

तिसरी गोष्ट आकाशाची. जक्कूर हा स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांपासूनचा छोट्या विमानांचा तळ, तिथं सरकारी फ्लाइंग स्कूल आहे. पण उत्तरेला येलहंकाचा हवाई दलाचा तळ, आणि २००८ पासून त्याच्या पलीकडे देवनहळ्ळीचा मोठा विमानतळ. त्यामुळे छोट्या विमानाला हवं तितकं उंच जाता येत नाही, नियंत्रण कक्ष सांगेल त्या उंचीत राहावं लागतं. उंची म्हणजे वेळ, हे आता तुमच्या लक्षात आलंच आहे. म्हणून इथल्या वैमानिकाच्या डोक्यात उडताना सतत एक प्रश्न फिरत राहतो: "या क्षणी इंजिन गेलं तर मी कुठं उतरेन?" चांगला वैमानिक ती जागा आधीच हेरून ठेवतो, आणि ती मागे पडली की दुसरी हेरतो.

पहिल्या मिनिटात काय करायचं

इंजिन गेलं. पुढं काय? क्रम ठरलेला असतो आणि तो मोडायचा नसतो.

आधी विमान उडवा. नाक खाली, ग्लाइडचा वेग पकडा, विमान त्या वेगावर स्थिर करा.

मग जागा निवडा आणि तिकडे वळा. फार लांबची नको, जवळची. सर्वांत छान शेत पाच किलोमीटरवर असेल आणि बरं शेत पायाखाली असेल, तर पायाखालचं घ्या.

मग इंजिन पुन्हा सुरू होतंय का ते पाहा. इंधनाची कळ दुसऱ्या टाकीवर, मिक्स्चर पुढे, कार्ब्युरेटर गरम करण्याची दांडी ओढा, जादा पंप असेल तर चालू, मॅग्नेटोची चावी दोन्हींवर आहे ना ते बघा. हे सगळं अर्ध्या मिनिटात होतं, आणि बऱ्याचदा इंजिन इथंच परत बोलू लागतं.

आणि मग, सर्वांत शेवटी, बोला. रेडिओवर तीनदा 'मेडे'. नियंत्रण कक्षाशी आधीपासून बोलत असाल तर त्याच लहरीवर, नाहीतर १२१.५ या आणीबाणीच्या लहरीवर. ट्रान्सपॉन्डरवर ७७००. तुम्ही कोण, कुठं आहात, काय झालंय, किती माणसं आहेत, एवढं सांगायचं. रेडिओ शेवटी का? कारण रेडिओवरचा माणूस तुमचं विमान उडवू शकत नाही. तो मदत पाठवेल, पण ती तुम्ही उतरल्यानंतर पोचणार.

फौजेत आम्ही हा क्रम पाठ करत नव्हतो, हाताला लावत होतो. शिकवणारा उस्ताद गप्पा मारता मारता, कुठलीही सूचना न देता थ्रॉटल बंद करायचा आणि म्हणायचा, "तुझं इंजिन गेलं." पहिल्यांदा डोकं दोन-चार सेकंद रिकामं होतं. विसाव्यांदा हात आपोआप चालतात. प्रशिक्षण म्हणजे ते दोन-चार सेकंद परत मिळवणं.

इंजिन बंद पडतंच का?

या इंजिनांची एक चांगली बाजू सांगतो. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग असतात आणि ठिणगी देणारे मॅग्नेटोही दोन. ते बॅटरीवर अवलंबून नसतात. बॅटरी मेली तरी इंजिन चालतं, एक मॅग्नेटो गेला तरी चालतं. मग बंद का पडतं?

सगळ्यात साधं कारण म्हणजे इंधन. संपलं, किंवा टाकीत आहे पण कळ रिकाम्या टाकीवर राहिली. मोठ्या विमानांनाही हे चुकलेलं नाही. १५ नोव्हेंबर १९९३ ला इंडियन एअरलाइन्सचं एअरबस ए-३०० मद्रासहून हैदराबादला निघालं. तिथं नीट दिसत नव्हतं म्हणून उतरता आलं नाही, परत वर जाताना फ्लॅप अडकले. उघड्या फ्लॅपचा हवेतला विरोध मोठा, त्यामुळे परतीच्या वाटेवर इंधन भराभर संपलं, आणि तिरुपतीजवळ शेतात उतरावं लागलं. आतले २६२ जण वाचले. एवढं मोठं धूड शेतात उतरून माणसं वाचतात, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे.

दुसरं, इंधनात पाणी. रात्री टाकीतल्या रिकाम्या जागेत दव धरतं, ते तळाशी जमतं. म्हणून उड्डाणापूर्वी प्रत्येक टाकीच्या तळातून थोडं इंधन काचेच्या पेल्यात काढून बघतात. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. कंटाळून हे न करणारा माणूस वैमानिक होऊ नये.

तिसरं कारण ऐकून तुम्हाला आश्चर्य वाटेल. बर्फ! कार्ब्युरेटरमध्ये इंधनाची वाफ होताना आतलं तापमान वीसएक अंशांनीही उतरू शकतं. बाहेर हवा दमट आणि २० अंशांच्या आसपास असेल तर आत बर्फ धरतो आणि इंजिनाचा श्वास कोंडतो. आता सांगा, दमट हवा, रिमझिम, २० ते २२ अंश, हे कुठलं हवामान? जुलै-ऑगस्टमधलं बेंगळुरू. आणि बेळगाव. आणि पावसाळ्यातलं पुणे. म्हणजे ज्या गार हवेचं आपण कौतुक करतो, तीच कार्ब्युरेटरची शत्रू. म्हणूनच ती गरम हवेची दांडी आहे.

उरलेलं यांत्रिक बिघाडाचं. हॉलीवूडचा नट हॅरिसन फोर्ड ५ मार्च २०१५ ला कॅलिफोर्नियात सांता मोनिकाहून आपलं जुनं रायन विमान घेऊन उडाला. थोड्याच वेळात इंजिनाची ताकद गेली. चौकशीत दिसलं की कार्ब्युरेटरमधला इंधन मोजून सोडणारा एक छोटा भाग आपल्या जागेवरून फिरून सुटला होता. बहात्तर वर्षांच्या त्या माणसानं विमानतळावर परत यायचं बोलून दाखवलं, पण ते जमणार नाही हे दिसताच शेजारच्या गोल्फच्या मैदानात विमान टाकलं. झाडाच्या शेंड्याला धडक बसली, तो बराच जखमी झाला, पण वाचला आणि पुढे पुन्हा उडालाही.

कुठं उतरायचं? शेतकऱ्याच्या नजरेनं बघा

इथं आपल्या मातीतल्या पोरांना एक फायदा आहे. ज्यानं शेत पाहिलंय त्याला वरून शेत ओळखता येतं.

ज्वारी काढून झालेलं रिकामं रान उत्तम. नाचणीचं शेत, कापणीनंतर, तेही चांगलं. नांगरलेलं शेत असेल तर सरींच्या दिशेनं उतरा, आडवं नाही. आडवं उतरलात तर पुढचं चाक सरीत अडकून विमान कोलांटी खातं. भाताचं पाणी भरलेलं खाचर टाळा, तिथंही तेच होतं. ऊस वरून हिरव्यागार गालिच्यासारखा मऊ दिसतो, पण तो पुरुषभर उंचीहून जास्त असतो. उसात उतरावंच लागलं तर उसाचा शेंडा हीच जमीन समजायची आणि कमीत कमी वेगानं त्यावर टेकायचं. द्राक्षबागेत मात्र कधीच नको. आत लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा असतात. नाशिक-सांगलीत आणि इकडे चिक्कबळ्ळापूरकडे हे लक्षात ठेवायचं. आपल्याकडे आणखी दोन गोष्टी शेतात हमखास असतात, बांध आणि उघडी विहीर. वरून विहीर नुसता काळा ठिपका दिसते.

विजेच्या तारा दिसत नाहीत, खांब दिसतात. दोन खांब दिसले की मध्ये तार आहेच असं धरून चालायचं.

रस्ता मोहात पाडतो. सरळ, डांबरी, धावपट्टीसारखा. पण रस्त्यावर गाड्या असतात, दुभाजक असतो, दिव्यांचे खांब असतात, वर पूल असतात. आपला जीव वाचवायला एसटीतल्या चाळीस जणांचा जीव टांगणीला लावायचा नसतो. बेंगळुरूतले तलावही मोह घालतात. छोट्या विमानाची चाकं खालीच असतात, ती पाण्यात रुतली की विमान पालथं पडतं, आणि पालथ्या विमानातून पाण्याखाली दार शोधणं सोपं नाही. तलावाच्या काठाचं रिकामं रान जास्त बरं.

वारा कुठून आहे हे बघा. धूर, तळ्यावरच्या लाटा, देवळावरचा झेंडा, सगळं सांगतं. वाऱ्याला तोंड देऊन उतरायचं. का ते आकड्यात सांगतो. विमान ४५ नॉटला टेकतं आणि वारा १० नॉटचा आहे असं धरा. वाऱ्यासमोर उतरलात तर जमिनीवरचा वेग ३५ नॉट, वारा पाठीशी घेऊन उतरलात तर ५५. फरक वीसाचा दिसतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गावर जाते. ती अडीचपट होते.

आणि हेही ऐका. ताशी ८० किलोमीटरवरून थांबायला विमानाला तीन मीटर जरी एकसारखं घसरत जायला मिळालं, तरी बांधलेल्या माणसाला बसणारा झटका साधारण नऊ पट वजनाएवढा असतो. पट्टे घट्ट असतील तर तो सोसता येतो. म्हणून झाडांतच शिरावं लागलं तर नाक खोडावर नको, दोन झाडांच्या मधून न्या. पंख तुटू दे. पंख तुटण्यात जी ऊर्जा जाते ती तुमच्या छातीवर येत नाही. अशा वेळी विमान वाचवायचं नसतं. आतली माणसं वाचवायची. विमान पुन्हा विकत मिळतं.

टेकण्यापूर्वी खांद्याचे पट्टे आवळा, इंधन बंद, मॅग्नेटो बंद, फ्लॅप लावून झाले की वीज बंद, आणि दाराची कडी आधीच उघडून ठेवा. धडकेत चौकट वाकली तर दार अडकतं.

सर्वांत अवघड जागा: नुकतंच उडालोय

आत्तापर्यंत आपल्याजवळ उंची होती. आता ती नाही असं समजा. विमान नुकतंच धावपट्टी सोडून ४००-५०० फुटांवर आहे आणि इंजिन गेलं. मागे, अगदी जवळ, सुंदर धावपट्टी आहे. पुढे घरं, झाडं, रस्ता. मन ओरडतं: मागे वळ!

चला, हिशेब करू. सत्तर नॉटला, तीस अंश कलवून वळलो तर अर्धा वर्तुळ पूर्ण व्हायला वीस सेकंद लागतात. पण अर्धं वर्तुळ पूर्ण झालं तेव्हा आपण धावपट्टीच्या रेषेपासून साडेचारशे मीटर बाजूला असतो. मग रेषेत यायला आणखी वळायचं आणि पुन्हा उलटं वळायचं. म्हणजे तीसएक सेकंद. कलवलेल्या विमानाची घसरण जास्त, त्यात ४०० फूट सहज जातात. त्यात पहिले चार सेकंद "हे काय झालं?" यात गेलेले. ५०० फुटांत हे बसत नाही. बसवायला माणूस जास्त कलतो. पंचेचाळीस अंश कलवलं की स्टॉलचा वेग जवळजवळ एक पंचमांशानं वाढतो. वर वाऱ्याची दिशा आता पाठीशी, जमीन भराभर पळताना दिसते, वाटतं वेग भरपूर आहे, दांडा आणखी ओढला जातो. विमान स्टॉल होतं, आणि सावरायला खाली जागा नसते.

म्हणून नियम: उडताच, कमी उंचीवर इंजिन गेलं तर सरळ पुढे. फार तर थोडं डावी-उजवीकडे. पुढे जे सर्वांत कमी वाईट असेल तिथं, विमान ताब्यात ठेवून. कुठल्या उंचीपर्यंत वळायचं नाही हा आकडा उड्डाणापूर्वी ठरवून मोठ्यानं म्हणायचा असतो, कारण हवेत ठरवायला वेळ नसतो.

कमी उंची किती निर्दय असते हे बेंगळुरूला ठाऊक आहे. 'सूर्यवंशम'मुळे महाराष्ट्रातल्या घराघरांत ओळखीची झालेली अभिनेत्री सौंदर्या. १७ एप्रिल २००४ ला ती जक्कूरहून सेसना १८० मधून निवडणूक प्रचारासाठी करीमनगरला निघाली होती. उड्डाणानंतर काही क्षणांत विमान जवळच्याच कृषी विद्यापीठाच्या आवारात कोसळलं. ती, तिचा भाऊ आणि आणखी दोघे असे चौघेही गेले. ही गोष्ट मी इंजिन बंद पडण्याचं उदाहरण म्हणून सांगत नाही. उड्डाणानंतरची ती काहीशे फूट उंची कुठल्याही गडबडीला माफ करत नाही, एवढंच सांगायचंय. जवळच शेतीचं मोकळं आवार होतं, तरी कमी उंचीनं सावरायला वेळच दिला नाही.

माणसाचे ते पहिले सेकंद किती महाग असतात, हे १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्येही दिसलं. पक्ष्यांच्या थव्यामुळे एअरबसची दोन्ही इंजिनं गेली आणि कॅप्टन सलनबर्गर यांनी ती हडसन नदीत उतरवली, १५५ जण वाचले. नंतर सिम्युलेटरवर तपासलं. पक्षी आदळताक्षणी वळलं तर काही वेळा धावपट्टी गाठता आली. विचार करायला पस्तीस सेकंद धरले, तर नाही. त्यांनी ती ओढ टाळली म्हणून १५५ घरं उजळ राहिली.

मग दोन इंजिनं घ्या ना!

हा प्रश्न नेहमी येतो. दोन इंजिनांनी सुरक्षितता वाढते, पण आपोआप नाही. ६ मार्च २००९ ला बेंगळुरूच्या एचएएल विमानतळावरून 'सारस' या आपल्या देशी दोन-इंजिनी विमानाचा दुसरा नमुना चाचणीसाठी उडाला. हवेत एक इंजिन मुद्दाम बंद करून पुन्हा सुरू करायचं होतं. बिडदीजवळ विमान कोसळलं आणि हवाई दलाचे तीन कसलेले अधिकारी गेले. इंजिन पुन्हा सुरू करण्याची ठरवून दिलेली पद्धतच चुकीची होती आणि उंची अपुरी होती, असं चौकशीत पुढं आलं. चाचणी वैमानिक असा धोका पत्करतात म्हणून बाकीच्यांची विमानं सुरक्षित होतात. त्या तिघांना आपण नमस्कार करूया. आणि धडा पुन्हा तोच: उंची आणि पद्धत. इंजिनांची संख्या त्यानंतर येते.

तुमच्या शेतात विमान उतरलं तर

आमचे बरेच प्रेक्षक गावाकडचे आहेत, म्हणून हेही सांगतो. ११२ ला फोन करा. विडी-सिगारेट विझवा, इंधन सांडलेलं असतं. पंख्याला, म्हणजे प्रोपेलरला, तो थांबलेला असला तरी हात लावू नका. गरम इंजिन एकदा ठिणगी घेऊन फिरू शकतं. पंख्याच्या समोरून जाऊ नका, बाजूनं मागच्या दिशेनं या. आग नसेल आणि माणूस शुद्धीवर असेल तर त्याला खेचून काढायची घाई नको, पाठीच्या कण्याला इजा असू शकते. आग दिसली तर मात्र लगेच ओढा. तुकडे उचलू नका, आठवण म्हणूनही नाही. चौकशी करणाऱ्यांना प्रत्येक तुकड्याची जागा हवी असते. आणि व्हिडिओ काढायला जमलेली गर्दी बाजूला करून रुग्णवाहिकेला वाट द्या.

ताईंना उत्तर

ताई, आता तुमच्या प्रश्नाकडे. व्यावसायिक परवान्यासाठी आपल्याकडे २०० तास उड्डाण लागतं, आणि त्यातले बरेच तास मुलगी एकटी असेल, शेजारी उस्ताद नसेल. धोका नाही असं मी म्हणणार नाही. पण तो झाकलेला धोका नाही. तो समजतो, मोजता येतो, आणि सरावानं कमी करता येतो.

फी भरण्याआधी शाळेत जा आणि हे विचारा. एकटं सोडण्याआधी इंजिन बंद पडल्याचा सराव किती वेळा करून घेता? तो फक्त धावपट्टीवर, की शेतांवरही? उड्डाणाआधी इंधन टाकीत काठी घालून मोजतात का, की घड्याळावर भागवतात? विमानात बिघाड लिहायचं पुस्तक दाखवाल का? विद्यार्थ्यानं "आज विमान ठीक वाटत नाही" म्हटलं तर त्याला ओरडा बसतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कागदावर मिळणार नाही. हॅंगरमध्ये उभ्या असलेल्या पोरांना चहा पाजा आणि विचारा, खरं कळेल.

या प्रश्नांनी जी शाळा चिडेल तिथं पाठवू नका. जी शाळा बसवून घेऊन उत्तरं देईल, तिथं पाठवा, आणि मुलीला एवढंच सांगा: वेग सोडू नकोस, मागे वळू नकोस, विमानाची काळजी करू नकोस.

पुढच्या भागात बघू हेलिकॉप्टरचं इंजिन बंद पडलं तर काय होतं. त्याला तर पंखच नाहीत, तरी ते उतरतं. कसं, ते तोवर विचार करून ठेवा.

जय हिंद, जय महाराष्ट्र.